तक्रार करायची नाही

आयर्लंडमधल्या बॅलिंटबरच्या मठातून यात्रेला निघताना एक नियम सांगतात: वाटेत तक्रार करायची नाही. पाऊस लागो, पाय दुखोत, शेजारचा माणूस बोलून बोलून कान किटवो, तोंडातून निघायचं ते फक्त ‘थँक्स बी टू गॉड’. मेणबत्ती लावून झाली, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकच्या विहिरीवर हात ओले करून झाले, आणि शेतात उतरताच माझा उजवा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. थँक्स बी टू गॉड.

तोखर फाद्रिग, म्हणजे पॅट्रिकची ही वाट मठापासून क्रो पॅट्रिक डोंगरापर्यंत जाते, साधारण ३५ किलोमीटर. संत पॅट्रिकच्याही आधीची. पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताचे राजे आपल्या क्रुआखनच्या गढीवरून रथातून याच वाटेनं डोंगराकडे जायचे म्हणतात. मधे ती बुजली होती. मठाच्या लोकांनी १९८७ साली पुन्हा मोकळी केली. वाट म्हणजे रस्ता समजू नका. लोकांची शेतं, गुरांची कुरणं, लव्हाळ्यानं भरलेली पाणथळ, दगडी बांध आणि ते ओलांडायला ठोकलेल्या लाकडी पायऱ्या. शेतकरी जाऊ देतात म्हणून वाट आहे.

माझा धर्म कुणी विचारला नाही. ऑफिसमधली एक मैत्रीण दरवर्षी जाते, तिनं नाव घातलं. आईबरोबर आळंदीहून चालले होते त्या पुण्याईवर हेही जमेल असं मी धरून चालले होते.

आमच्यात एक निवृत्त मास्तर होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते सगळं सांगत होते. मठ १२१६ सालचा. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यानं १६५३ मध्ये जाळला, छप्पर गेलं, पण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, थांबली नाही. माणसं उघड्यावर, पावसात गुडघे टेकत राहिली, आणि नीट छप्पर चढलं ते थेट १९६६ मध्ये. मठाच्या आवारात जुन्या न्हाणीघराच्या खुणा आहेत, तिथं तापलेले धोंडे पाण्यात टाकून यात्रेकरूंचे पाय धुवायला पाणी गरम करत. सकाळी हे ऐकताना छान वाटलं होतं. दुपारी आठवलं तेव्हा चीड आली, कारण ते न्हाणीघर मागं राहिलं होतं आणि टाच माझ्याबरोबर होती.

टाचेचं असं झालं की ओला मोजा दुमडला आणि दुमडलेलाच राहिला. आधी नुसतं गरम लागलं. मग प्रत्येक पावलाला कातडी आतल्या आत सरकायला लागली. गटाबरोबर राहायचं तर लव्हाळ्याच्या झुपक्यावरून झुपक्यावर उड्या मारायच्या, आणि प्रत्येक उडी त्याच टाचेवर. पुढं जपमाळ चालू होती. अर्धी माणसं म्हणायची, अर्धी उचलून धरायची, ‘होली मेरी’ला माझा दुखरा पाय बरोबर खाली यायचा. कधी कोण जाणे, मी त्याच ठेक्यात आतल्या आत ज्ञानोबा-तुकाराम धरलं. एक अख्खं कुरण त्यात पार झालं. टाच नव्हती, मास्तर नव्हते, मला पोहोचायचंही नव्हतं. ओल्या गवताचा वास येत होता, पुढच्या बाईच्या पाठीवरची निळी पिशवी हलत होती, बस.

मग बांध आला. पायरीवरून उतरताना फोड दाबला गेला आणि मी मराठीत जे बोलले ते ‘थँक्स बी टू गॉड’ नव्हतं.

मास्तरांचं बोलणं तेव्हा विहिरींवर आलं होतं. देशभरात अशा सुमारे तीन हजार पवित्र विहिरी आहेत. कॅथलिकांना दडपणाऱ्या १७०४ च्या कायद्यानं तिथं जमणाऱ्याला दहा शिलिंग दंड, न भरल्यास चारचौघांत फटके. आणि पुढं एकोणिसाव्या शतकात कॅथलिक धर्मगुरूंनीच विहिरींवरचे उत्सव मोडून काढले, कारण प्रार्थनेनंतर दारू आणि दारूनंतर मारामाऱ्या. एरवी मी कान देऊन ऐकलं असतं. तेव्हा वाटलं, फटके चालतील, हे आवरा.

मी मागं पडले. मैत्रीण थांबायला तयार होती, तिला मीच हाकललं. बांधाला टेकून बूट काढत होते, तेवढ्यात पलीकडच्या घराचं दार उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. माझ्याकडे, बुटाकडे आणि आभाळाकडे बघून म्हणाल्या, ‘कम इन आऊट ऑफ दॅट.’ नाव नाही, गाव नाही. मी लंगडत आत गेले.

स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती, वर दांडीवर कपडे वाळत होते. त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि घमेलं माझ्या पायाशी ठेवलं. मी नको नको म्हटलं तर ऐकू येत नसल्यासारखं केलं. फोड चांगला लिंबाएवढा झाला होता. त्या प्लास्टर शोधायला लागल्या, मी सुई-दोरा मागितला. शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा निघाला. सुई शेगडीच्या आचेवर धरली, निवू दिली, फोडाच्या एका कडेनं घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. दोऱ्यावरून पाणी ठिबकायला लागलं, कातडी जागच्या जागी बसली. दिंडीत विसाव्याला बायका एकमेकींचं हेच करतात. इथले डॉक्टर बघतील तर ओरडतील. बाईंनी वाकून, चष्मा वर करून सगळं बघितलं आणि म्हणाल्या, ‘दोरा काढायचा कधी?’ म्हटलं, पोहोचल्यावर. त्यांना ते पटलं असावं.

चहा आला. सोडा ब्रेड, त्यावर बोटभर जाड लोणी. मी विचारलं, इथं जवळपास विहीर आहे का? त्या म्हणाल्या, आहे की, पण चहाला उपयोगाची नाही, पवित्र विहिरीचं पाणी कितीही तापवलं तरी उकळत नाही. हे त्या हवामान सांगावं तसं सांगत होत्या. मग खिडकीतून खालच्या शेताकडे बोट केलं. कुरणाच्या खोलगट कोपऱ्यात काटेरी झाडाखाली एक आडवा, वरून सपाट धोंडा होता. मिस्सेचा दगड. १६९७ च्या कायद्यानं बिशपना आणि मठातल्या साधूंना देशाबाहेर काढलं, पुढं उरलेल्या पाद्रींनाही लपावं लागलं, तेव्हा असल्या दगडांवर मिस्सा व्हायची. पोरं टेकाडावर पहाऱ्याला बसायची. ‘सैनिक तिकडून यायचे,’ असं म्हणत त्यांनी ज्या बाजूला हात केला तिथं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता.

निघताना त्या दगडाशी मला घेऊन गेल्या. जवळून बघितलं तर वर करडी दगडफूल चढलेली, एका कडेला बोटानं चाचपल्यावरच लागावा असा उथळ क्रूस. जॅमच्या बरणीत रानफुलं. भोवती गुरांसाठीची विजेची तार. गाई मान घासायला येतात, बरणी पाडतात, म्हणून मुलानं लावली. वर्षातून एकदा पाद्री येतो, त्या दिवशी तार बंद करतात. मी हात जोडले. त्यांनी क्रूस केला. दोघी काही न बोलता उभ्या, आणि एक गाय तारेपलीकडून आमच्याकडे बघत होती.

माझे मोजे त्यांनी शेगडीवर टाकले होते, पण ते वाळेपर्यंत कोण थांबणार. नातवाचे फुटबॉलचे मोजे दिले, हिरवे-लाल, इथल्या मेयो परगण्याच्या संघाचे. मेयोनं गेलिक फुटबॉलचा ऑल आयर्लंड कप शेवटचा १९५१ मध्ये जिंकला, त्यामुळे हे मोजे घालून लवकर पोहोचशील असं वाटून घेऊ नकोस, म्हणाल्या. परत पाठवते म्हटलं तर हात झटकला.

आहागॉवरला टोपी गळालेला गोल मनोरा, मोडकं चर्च, पॅट्रिकची विहीर. गट तिथं सँडविच खात बसला होता. बोहेचा दगड लागला. त्यावर खोदलेल्या वाट्या नि वर्तुळं पॅट्रिकच्या फार आधीची, आणि १८ एप्रिल व २४ ऑगस्टला तिथून मावळता सूर्य डोंगराच्या उतारावरून गडगडत गेल्यासारखा दिसतो. आम्ही गेलो तेव्हा सूर्यच नव्हता. मुक्काम वेस्टपोर्टला. कुणी घोरत होतं.

दुसऱ्या दिवशी रीक, म्हणजे क्रो पॅट्रिकच. ७६४ मीटर, वर नुसता सरकत्या दगडांचा खच. पॅट्रिकचा शिष्य बेनान याच्या नावाच्या दगडांच्या ढिगाभोवती सात फेऱ्या, सात ‘अवर फादर’, सात ‘हेल मेरी’. एक अनवाणी म्हातारा मला मागं टाकून गेला, शिवाय हसून गेला. शिखरावर १९०५ चं पांढरं चॅपल ढगात बुडालेलं, खालच्या क्लू बे या उपसागरातलं एकही बेट दिसलं नाही. चॅपलभोवती पंधरा फेऱ्या घालायच्या. सातव्या फेरीत मला रडू फुटलं, कशानं ते सांगता येणार नाही. आठव्या फेरीत सडकून भूक लागली.

उतरणीवर गुडघे गेले. दोन पोरं फोनवर ढणढण गाणी लावून खाली चालली होती, त्यांच्यासाठी मी कितीतरी वेळा देवाचे आभार मानले. मरिस्कच्या पार्किंगमध्ये बसून चिप्स खाल्ले, दोरा ओढून काढला. टाच कोरडी होती.

परतीच्या मिनी-बसमध्ये सगळे गप्प. बस वेस्टपोर्ट सोडते न सोडते तोच मागून मास्तरांचा आवाज आला: ‘नियम डोंगरापर्यंतच होता ना?’ ड्रायव्हर म्हणाला, तसंच काहीतरी असेल. मग जी तोंडं सुटली! पाऊस, चिखल, त्या पायऱ्या, तिसऱ्या कुरणातला बैल, सँडविचमधलं हॅम, घोरणारा, चिप्सची किंमत. कुणीतरी मास्तरांचंही नाव घेतलं, मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसले. माझी पाळी आली तेव्हा मी बुटापासून सुरुवात केली.