बावन्नची पन्नास

धावपटूंची पावलं मोजणं हे माझं काम. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा कॅमेरा लावायचा आणि मग रात्री एकेक फ्रेम सरकवत स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) ट्रॅकला कधी टेकले, कधी सुटले ते लिहीत बसायचं.

त्या मुलीची पहिली चाचणी: १०० मीटर, ११.९० सेकंद, ५२ पावलं. सरासरी पाऊल १.९२ मीटर, फ्रिक्वेन्सी, म्हणजे पावलांचा वेग, सेकंदाला ४.३७ पावलं. अहवालात मी शेरा मारला, 'उंचीच्या मानाने पाऊल आखूड.' चूक काहीच नव्हतं त्यात.

कोचनी तो शेरा हुकूम समजून राबवला. ट्रॅकवर दर २.१० मीटरवर खुणा, आणि सहा आठवडे त्या गाठायच्या. दुसऱ्या चाचणीला स्वतःच खुशीत सांगत आले, "पन्नासात संपवते आता!" संपवलंही. वेळ १२.०६. ते म्हणाले, समोरून वारा होता. वारा नव्हता.

फ्रेम पाहिल्या. पाऊल बरोबर २ मीटर, पण फ्रिक्वेन्सी ४.१५. साठ मीटरनंतर पंजा कमरेच्या चांगलाच पुढे पडतोय, गुडघा जवळपास ताठ. म्हणजे दर पावलाला ब्रेक. आधी पाय २५ फ्रेम जमिनीवर असायचा, आता २९. शर्यत संपल्यावर ती मांडीची मागची बाजू दाबत उभी होती, तेही कॅमेऱ्यात आलंय.

उसेन बोल्टच्या १०० मीटरच्या विक्रमाचं उदाहरण प्रत्येक कोचच्या तोंडी असतं: बर्लिन, २००९, ९.५८ सेकंद, ४१ पावलं. पण ती ढांग पाय पुढे फेकून आलेली नाही. अव्वल धावपटूचा पाय पूर्ण वेगात सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जमिनीवर असतो, आणि तेवढ्यात तो वजनाच्या कितीतरी पट दणका देतो. हवेत पाय पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो त्या दणक्याने. लांबी त्यातून येते. हे एक वाक्य मी शेऱ्याखाली लिहायला हवं होतं.

रात्री कोचचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आता फ्रिक्वेन्सी वाढवायला घेऊ का?"

मी घाईघाईने नको म्हटलं. समोर नवा अहवाल उघडा होता आणि त्यात ४.१५ हा आकडा मीच लाल केला होता.