कण्व घरी असते तर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी एकोणीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते. परत आलेलं पुस्तक उलटंपालटं करून बघायची सवयच लागली आहे. पानांत एसटीची तिकिटं सापडतात, हळदीचे डाग सापडतात, वाळलेलं कढीपत्त्याचं पान सापडतं. गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या मुलीच्या खात्यावरची पुस्तकं शिवणीत पीठ घेऊन यायला लागली. मुलगी नीटनेटकी, पुस्तकाला कव्हर घालून नेणारी. विचारायचं राहून गेलं.

श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी तिची आई आली. गिरणी चालवते, हे केसांवरूनच कळत होतं. पिशवीतून दोन कादंबऱ्या आणि दळणाच्या हिशेबाच्या वहीतलं एक पान काढून तिने टेबलावर ठेवलं. पानावर डावीकडे पुस्तकांची नावं होती. उजवीकडे, दळणाचे आकडे मांडावेत तसं ओळीने लिहिलं होतं: आई मेली. आई मेली. आईबाप दोन्ही नाहीत. बाप दारुडा. आई आहे पण खुळी.

"पोरगी काय वाचते बघावं म्हणून वाचायला घेतली," ती म्हणाली. "दळण पडंस्तोवर वेळ असतो. मॅडम, प्रेमाच्या गोष्टीत आया चालत नाहीत का ओ?"

मुलीला असली पुस्तकं देऊ नका, अशी तक्रार महिन्याकाठी एखादी येतेच. मी त्याच तयारीत होते. पण ती टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाली, "वाचताना तिला वाटत असंल का, की मी नसते तर बरं झालं असतं?"

मी तिला आत बोलावून बसवलं. उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, म्हणून उठून शाकुंतलाचं भाषांतर काढलं आणि पहिल्या अंकातली राजा आश्रमात येतो ती जागा वाचून दाखवली. कण्व आश्रमात नाहीत. पाहुण्यांची व्यवस्था शकुंतलेकडे सोपवून ते सोमतीर्थाला गेलेत, तेही तिच्याच नशिबातलं अरिष्ट टळावं म्हणून. जन्म देणारे विश्वामित्र आणि मेनका तर तिला टाकून कधीच निघून गेलेले.

"आता सांगा," मी म्हटलं, "कण्व घरी असते तर?"

तिला विचार करावा लागला नाही. "राजाला पडवीत बसवला असता. गाव, घराणं, अगोदर किती राण्या, समदं विचारलं असतं. पोरीला पाणी द्यायला पाठवून लगेच आत बोलावलं असतं."

मग आम्ही दोघीही थोडा वेळ बोललो नाही. तिने सांगितलेलं सगळं कोणत्याही शहाण्या बापाने केलं असतं, आणि केलं असतं तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं. लग्न कदाचित झालंही असतं, पण ते कण्वांनी ठरवलेलं. शकुंतलेने स्वतः काय निवडलं, स्वतः कुठे चुकली, हे कुणालाच दिसलं नसतं.

यादीतली खुळी आई म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली मिसेस बेनेट. जेन ऑस्टिनची १८१३ सालची इंग्रजी कादंबरी, आमच्याकडे भाषांतर आहे. तो शेरा लेकीचा होता, कागदावर फक्त आईने उतरवलेला. तिला स्वतःला तो मान्य नव्हता. "पाच पोरी. बाप डोळे मिटला की घर दूरच्या नातलगाच्या नावावर जाणार. ती लग्नालग्नाचा घोष लावंल नाही तर काय करंल? बाप मात्र पुस्तकं घेऊन खोलीत बसतो. दोन नंबरची सांगत होती, धाकटीला ब्रायटनला धाडू नका. धाडलीच ना? आणि गेली पळून." एवढी वर्षं ही कादंबरी मी वाचकांना देत आले. मिसेस बेनेटची बाजू घेणारी पहिलीच बाई मला भेटत होती, आणि तिचं म्हणणं मला पटलं.

वाईट बाप लेखकाला सोयीचा असतो, हे मी तिला सांगितलं. देवलांच्या 'शारदा'तला कांचनभट पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. तिथे मुलीने नाही म्हटलं की अख्खं थिएटर तिच्या बाजूचं. अवघड आहे ते मायेच्या माणसाला नाही म्हणणं. जेन ऑस्टिनच्याच 'पर्स्वेजन'मधली अ‍ॅन चौदाव्या वर्षी आईविना झाली. आईची मैत्रीण आईच्या मायेने तिला सल्ला देते, मुलगी ऐकते, ठरलेलं लग्न मोडते आणि आठ वर्षं झुरते. त्या सल्ल्यात दुष्टावा नव्हता, म्हणूनच तो मोडवला नाही. तिथे खरी आई असती तर अ‍ॅनला काय बळ उरलं असतं? माझं मत असं झालंय की लिहिणारी आईला दूर ठेवते ती आईचा शब्द जड असतो म्हणून.

आणि त्या काळी आया खरोखर मरतही होत्या. ऑस्टिनची एक भावजय १८०८ मध्ये अकराव्या बाळंतपणानंतर गेली, तेव्हा तिची थोरली मुलगी पंधरा वर्षांची होती.

"आणि लिहिणारीची स्वतःची आई?"

"होती. जन्मभर ही आईजवळच राहिली. १८१७ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. आई तिच्यामागे जवळजवळ दहा वर्षं होती."

"लेकीच्या मागं दहा वर्षं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

जाताना तिने शाकुंतल मागितलं. लेकीच्या नाही, स्वतःच्या नावावर. मी अर्ज भरून घेतला, अनामत घेतली. तिने दारातून मागे वळून विचारलं, "त्या मेनकेला पोरीची आठवणच नाही का झाली कधी?"

पाचव्या अंकात राजा ओळख देत नाही. सोबत आलेली गौतमी आणि कण्वांचे शिष्यही तिला तिथेच सोडून परत फिरतात. तेव्हा बाईच्या आकाराचं एक तेज येऊन शकुंतलेला उचलून नेतं. कोण ते तिथे कळत नाही. सातव्या अंकात मारीच ऋषी सांगतात, की आई आली होती. एवढं सांगून मी त्या पानात कागदाची एक चिठ्ठी घातली.

पंधरा दिवसांनी पुस्तक मुलीच्या हातून परत आलं. कव्हर घातलेलं होतं, आणि शिवणीत पीठ होतं. माझी चिठ्ठी सातव्या अंकात नव्हती. ती चौथ्या अंकात होती, कण्व मुलीला निरोप देतात त्या पानात.