बँक या करारात आहे का? कर्जमुक्तीचा प्लॅन घ्यायचा की नाही, माझा अनुभव

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. नवऱ्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. मोठ्या गिऱ्हाइकांची बिलं अडकली, मशीनचे हप्ते ओढाताणीनं जाऊ लागले आणि त्याच सुमारास सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, बायपास झाली. विम्यातून मिळालं तेवढं मिळालं, उरलेलं कार्डांवर गेलं. शेवटी दुकान बंद केलं. आता तो दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करतो.

कार्डं तीन. एकावर 1,92,000, दुसऱ्यावर 1,18,000, तिसऱ्यावर 74,000. शिवाय पर्सनल लोनचे 2,60,000 बाकी, त्याचा हप्ता 9,400. एकूण 6,44,000. दोघांचा पगार मिळून 52,000 हातात येतो. सासऱ्यांचं घर असल्यामुळे भाडं नाही. किराणा, वीज, गॅस, मुलांच्या फिया, अण्णांची औषधं आणि पेट्रोल धरून 27,000 लागतात. म्हणजे कर्जासाठी 25,000 उरतात. जात होते 28,600. वरचे 3,600 कुठून यायचे? महिनाअखेरचा किराणा पुन्हा कार्डावर जायचा, तिथून.

'मिनिमम ड्यू' भरला की हप्ता भरला असं घरात सगळे धरून चालले होते. तिन्ही कार्डांचा मिनिमम मिळून 19,200 व्हायचा. व्याज महिन्याला 3.6 टक्के, म्हणजे 3,84,000 वर 13,824. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणखी 2,488. म्हणजे 19,200 भरले तर मुद्दल तीन हजारसुद्धा कमी होत नव्हतं. वर्षाचा दर 43 टक्के, जीएसटी धरला तर 51. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेडायला किती तरी महिने-वर्षं लागतील, हे स्टेटमेंटवर छापायचं बंधन रिझर्व्ह बँकेनं घातलेलं आहे. छापतातही. मुंगीच्या अक्षरात, ऑफरच्या चित्राखाली.

नवऱ्याला आठवत होतं की कार्डाच्या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा आहे. होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008चा तसा आदेश होता, पण सर्वोच्च न्यायालयानं तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तो आधार संपला.

अशात मोबाइलवर एका कर्जमुक्ती कंपनीची जाहिरात दिसली. नाव-नंबर भरला आणि तासाभरात फोन आला. बोलणारा मुलगा गोड होता, सुरुवातीला 'मॅडम', पाचव्या मिनिटाला 'ताई'. त्याचं म्हणणं असं: चारही कर्जांचे हप्ते आजपासून थांबवा. त्याऐवजी दरमहा साधारण साडेचौदा हजार आम्ही सांगू त्या खात्यात टाका. आमचे वकील बँकांशी बोलतील, निम्म्यात मिटवतील आणि तीस महिन्यांत तुम्ही मोकळ्या. आमची फी एकूण कर्जाच्या 15 टक्के, अधिक जीएसटी.

हिशेब मी लगेच मांडला. 6,44,000चे निम्मे 3,22,000. फी 96,600, त्यावरचा जीएसटी 17,388. सगळे मिळून 4,36,000 च्या आत. अडीच वर्षांत संपतं आणि महिन्याला दहा हजार घरात उरतात. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी शांत झोपले.

सकाळी इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेल्या मावसभावाला मेसेज केला. काही वर्षांपूर्वी तिकडे त्याची नोकरी गेली होती आणि तो 'डेट मॅनेजमेंट प्लॅन'मधून बाहेर पडला होता, एवढं ऐकून माहीत होतं. त्यानं फोन करून नीट समजावलं. त्याचा प्लॅन स्टेपचेंज या धर्मादाय संस्थेकडून होता, फी शून्य. संस्थेनं आधी त्याचा घरखर्च ओळीनं लिहून घेतला, उरणाऱ्या रकमेचा एकच मासिक हप्ता ठरवला आणि तो सगळ्या कर्ज देणाऱ्यांत वाटून दिला. बहुतेकांनी व्याज थांबवलं. तशी सक्ती तिथेही नसते. त्यानं मुद्दल पूर्ण फेडलं आणि सगळा काळ दरमहा काही ना काही देत राहिला. मग त्यानं मला विचारलं, "ताई, तुझ्या प्लॅनमध्ये बँकेला दरमहा काय जातं?"

काहीच जात नव्हतं.

मी त्या मुलाला परत फोन लावला. बँकेशी तुमचा लेखी करार आहे का? नाही, पण ओळखी आहेत. निम्मं म्हणजे आजच्या रकमेचं निम्मं, की बँक मिटवायला तयार होईल त्या दिवशीच्या? यावर तो जरा थांबला. आमच्या कार्डांवर सहा महिने काहीच भरलं नाही तर नुसतं व्याज आणि जीएसटीच लाखाच्या घरात जातो, लेट फी वेगळी. पर्सनल लोनचा हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होतो, तो परतला तर? म्हणाला, पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवा. मी अकाउंट्सची बाई. हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखाच फौजदारी दावा लागू शकतो, हे मला कामावरूनच ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

"वसुलीचे फोन आम्ही बंद करू" असंही तो म्हणाला होता. फोन कोणी बंद करू शकत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फुकट. जे फुकट मिळतं त्याचेही पैसे त्या फीमध्ये होते.

तरीही मोह सुटला नव्हता. नवरा तर म्हणत होता, "बँका मोठ्या लोकांचे कोटी सोडतात, आपले तीन लाख सोडले तर काय बिघडलं?" यावर माझ्याकडे नैतिक उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

ऑफिसमधल्या एकानं सांगितलं की जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची वित्तीय साक्षरता केंद्रं असतात, तिथे विनामूल्य सल्ला देतात. आमच्याकडे अग्रणी बँक महाराष्ट्र बँक. मला वाटलं होतं तिथे बचत गटांना पासबुक कसं वाचायचं ते शिकवत असतील. मुख्य काम तेच चालतं म्हणा. पण समुपदेशक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी माझी वही स्वतःकडे ओढली, पेन्सिलनं एक उभी रेघ मारली आणि डावीकडे 'थकलेलं', उजवीकडे 'न थकलेलं' असं लिहिलं. मग एकेक कर्ज विचारत गेले. चारही उजवीकडे गेली. डावी बाजू कोरी.

"म्हणजे तुम्ही अजून नियमित खातेदार आहात," ते म्हणाले. "ती कंपनी तुम्हाला पैसे घेऊन डावीकडे नेतेय."

मी तुमच्या वतीनं बँकांशी बोलू शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तडजोडीतून कर्ज मिटलं की सिबिलच्या (कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था) अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो, ते समजावलं. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023च्या परिपत्रकाप्रमाणे तडजोडीनंतर ती बँक किमान बारा महिने नवं कर्ज देऊ शकत नाही, तेही सांगितलं. माझी मुलगी दहावीत आहे. दोन-तीन वर्षांत शैक्षणिक कर्ज लागेल, सहकर्जदार आम्हीच असणार. ही गोष्ट आमच्या कुठल्याच हिशेबात लिहिलेली नव्हती.

त्यांच्या सांगण्यावरून अशी नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून अहवाल मागवले. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो. एकात नवऱ्याचं कधीच बंद झालेलं टीव्हीचं कर्ज चालू दाखवत होतं. ते दुरुस्त करून घेतलं.

मग दुसरा रस्ता शोधला. आमच्या कारखान्यातल्या कामगारांची पतसंस्था आहे. दर 12 टक्के, मला कमाल मर्यादा 2 लाख, परतफेड चार वर्षं, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. दोन लाख मंजूर झाले तरी शेकडा 4 भागापोटी (शेअर म्हणून) कापून घेतात, हातात 1,92,000 येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्डाची बेरीज नेमकी तेवढीच. हप्ता 5,267.

अडचण जामीनदारांची. दोन लागतात, तेही सभासदच. कर्ज थकलं तर पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवते आणि जामीनदाराच्याही पगाराला हात लावते. स्टोअरमधल्या मैत्रिणीनं न विचारता सही केली. दुसऱ्या सहीसाठी डिस्पॅचच्या भाऊसाहेबांकडे गेले. वीस वर्षं एकत्र काम करतोय. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सगळं कर्ज सांग, लपवू नकोस." कँटीनच्या टेबलावर मी चारही स्टेटमेंटं मांडली. आजूबाजूला लोक जेवत होते. या सगळ्या प्रकरणात मला जड गेलेली गोष्ट तीच. बँका नाहीत, कंपनी नाही. त्यांनी डब्यातली पोळी संपवली, हात धुतले, कार्डं कात्रीनं कापून तुकडे आणून दाखवायला सांगितले आणि मग सही केली.

राहिलं मोठं कार्ड. शाखेत गेले तर "कार्डाचं आमच्याकडे नसतं." कस्टमर केअरला फोन केला तर बाकी हप्त्यांत बदलायला 24 महिने, 22 टक्के. तो हप्ता झेपत नव्हता. समुपदेशकांच्या सल्ल्यानं बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी पाहणारा अधिकारी) मेल लिहिला. रडगाणं नाही, दोन परिच्छेद: उत्पन्न, घरखर्च, बाकी, आणि आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. मागणी एकच, पूर्ण बाकी 48 महिन्यांच्या हप्त्यात बदलून द्या आणि कार्ड बंद करा. उत्तर यायला वेळ लागला, मध्ये 36 महिन्यांची ऑफर आली, ती नाकारली. शेवटी 48 महिने, 18 टक्के असं ठरलं. हप्ता 5,640, व्याजावरचा जीएसटी पहिल्या महिन्यात 518, पुढे उतरत जातो. हे जमलं ते खातं थकलेलं नव्हतं म्हणूनच. केअरवाल्या मुलीनं आधीच सांगितलं होतं की थकबाकी असती तर तिच्या स्क्रीनवर हा पर्यायच उघडला नसता.

आता सगळं मिळून पहिल्या महिन्याला 20,825. हातात चार हजारांवर उरतात, आणि किराणा रोखीत येतो.

पण याची किंमत सांगायला हवी. आम्ही निवडलेल्या मार्गानं शेवटपर्यंत साडेआठ लाखांहून थोडे जास्त जाणार आहेत. कंपनीचा कागदावरचा आकडा 4,36,000 होता. जवळपास दुप्पट मोजतोय. कंपनीचा आकडा खरा ठरायला चार बँकांनी निम्म्याला हो म्हणणं भाग होतं, आणि त्यांपैकी एकीलाही कोणी विचारलेलं नव्हतं. तोपर्यंत अण्णांनी दार उघडायचं आणि वसुलीवाल्यांशी बोलायचं. बायपास झालेल्या माणसाला मी त्या जागी उभं करणार नव्हते.

उलट उदाहरणही आहे. आमच्या गल्लीतल्या एकाची नोकरी गेली, हप्ते सहा-सात महिने थकलेले, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून थोडी रक्कम हातात आलेली. त्याला मीच म्हटलं, तडजोड कर. पण मधला माणूस नको. थेट बँकेशी बोल, पत्र हातात आल्याशिवाय एक पैसा भरू नकोस, आणि भरल्यावर 'नो ड्यूज' घेतल्याशिवाय उठू नकोस. तो आधीच डाव्या रकान्यात होता. त्याच्यासाठी तेच शहाणपणाचं.

त्या कंपनीचा फोन अजून येतो, दर वेळी नव्या नंबरवरून, आता थेट 'ताई'पासून सुरुवात.

पर्सनल लोन पावणेतीन-तीन वर्षांत सगळ्यांत आधी संपेल आणि 9,400 मोकळे होतील. ते कार्डाच्या उरलेल्या हप्त्यांत एकरकमी घालायचे असं नवऱ्याचं म्हणणं. मुदतीआधी बंद करण्याचा आकार किती, हे त्यानं आत्तापासून विचारून ठेवलंय. माझं म्हणणं, तोवर मुलीचं कॉलेज सुरू झालेलं असेल, ते तिच्या फीला जाऊ देत. यावर आमचं अजून एकमत नाही.