फॉस्फो-ईआरकेची अँटीबॉडी, नवा लॉट आणि टेक सपोर्टचा तो फॉर्म (माझा अनुभव)
वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) लावायचा होता, शोधायचं होतं फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं ईआरके प्रथिन. पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवल्या, ईजीएफ (ईआरकेला फॉस्फेट जोडायला लावणारा वाढ-घटक) दिलं, काही मिनिटांत लायसिस (पेशी फोडणं), जेल, ट्रान्सफर, ते सगळं नेहमीसारखं झालं. फक्त अँटीबॉडी संपत आली होती म्हणून नवी मागवली, आणि ४४ व ४२ किलोडाल्टनला जे दोन स्वच्छ बँड यायचे तिथे पुसटसं काहीतरी, वर ६० च्या आसपास मात्र जाडजूड बँड, तोही ईजीएफ न दिलेल्या लेनमध्येसुद्धा! कॅटलॉग नंबर तोच, लॉट (उत्पादनाची खेप) वेगळा. पॉलिक्लोनल होती (प्राण्याच्या रक्तातून मिळणारं अनेक अँटीबॉडींचं मिश्रण, खेपेगणिक बदलू शकणारं), म्हणजे संशय घ्यायला जागा होतीच.

मग कंपनीच्या टेक सपोर्टचा फॉर्म. डायल्युशन काय, ब्लॉकिंग (मेंब्रेनची रिकामी जागा प्रथिनाने झाकणं) कशात, सेकंडरी (पहिलीला पकडून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) कुठली, एक्सपोजर किती, सगळं भरलं, फोटो जोडला. उत्तर आलं की दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरून बघा. अरे बाबा, फॉर्ममध्येच लिहिलंय ५ टक्के बीएसए! दुधात केसीन असतं, ते स्वतःच फॉस्फोप्रोटीन, फॉस्फो-अँटीबॉडीला बॅकग्राउंड वाढू शकतो, हे मला माहीत आहे म्हणूनच तर बीएसए घेतलं होतं. तसं कळवलं, तर पुढचा माणूस नवा, त्याने पुन्हा तोच फॉर्म पाठवला. मग फॉस्फेटेज इनहिबिटर, म्हणजे फॉस्फेट काढणारी एन्झाइम रोखणारी रसायनं, घातलीत का (ऑर्थोव्हॅनेडेट, फ्लोराइड दोन्ही घातले होते), मग पॉझिटिव्ह कंट्रोल लावा, मग ‘तुमची केस संबंधित टीमकडे दिली आहे’. ती टीम कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. डोकं फिरायची वेळ आली.

गाडी हलली ती एकाच ब्लॉटने. जुन्या लॉटचे थोडे थेंब उरले होते, म्हणून तेच लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) एकाच जेलवर दोनदा लावून मेंब्रेन कापलं, अर्धं जुन्या लॉटमध्ये, अर्धं नव्या, आणि दोन्हीकडे एक लेन लॅम्डा फॉस्फेटेज (प्रथिनांवरचं फॉस्फेट काढणारं एन्झाइम) दिलेल्या लायसेटची. जुन्यात त्या लेनमधले बँड गायब, नव्यात तो ६० वाला ढिम्म, म्हणजे तो फॉस्फेटचा सिग्नल नव्हताच! यावर कोणी काही बोलू शकलं नाही, रिप्लेसमेंट मुकाट आली आणि ती नीट चालते. लॉटमध्ये काय बिघडलं होतं ते विचारलं, उत्तर नाही.

म्हणून जुनी व्हायल तळाला गेली तरी टाकू नका, नवी आली की पहिल्याच दिवशी दोन्ही शेजारी लावा. हां, लॅम्डावालं लायसेट वेगळं करावं लागतं, त्यात इनहिबिटर आणि ईडीटीए नको, त्या एन्झाइमला मँगनीज लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं. टोटल ईआरकेचा (फॉस्फेट असो वा नसो, एकूण ईआरकेचा) ब्लॉटही सोबत पाठवा, नाहीतर ‘लोडिंग कमी असेल’ हे ऐकावं लागेल. मी तर आता रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलच (ठरलेल्या जनुकापासून बनवलेली एकाच प्रकारची अँटीबॉडी) मागवणार, तिचा सिक्वेन्स ठरलेला असतो, लॉटगणिक फरक बराच कमी.