कूलरच्या खोलीतील मायक्रोग्रीन्स : एप्रिल ते ऑक्टोबर

एप्रिलमध्ये नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या घरी मायक्रोग्रीन्सचा, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या इवल्या रोपांचा, पहिला ट्रे पेरला. बी मुळ्याचे होते, आणि मला भीती उन्हाची होती. प्रत्यक्षात पीक गेले ते ओलाव्याने. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, म्हणून ट्रेसाठी मी कूलर असलेली मागची खोली निवडली आणि थंडावा टिकावा म्हणून तिची समोरची खिडकी बंद ठेवली. कूलर चालताना खिडकी उघडी हवी, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते; ते मी कसे विसरलो, याची आजही लाज वाटते. कूलर हवेत पाण्याची वाफ मिसळूनच ती थंड करतो, आणि ती वाफ बाहेर पडायला वाटच नव्हती. चौथ्या दिवशी रोपांचे देठ बुडाशी पाणचट होऊन आडवे पडले व ट्रेच्या मधोमध राखाडी बुरशीचा चट्टा उमटला. असे पाच ट्रे गेले.

सहावा ट्रे मात्र मी उगाच फेकला. मुळांवर दिसणारी पांढरी लव बुरशी नसून मूळरोम, म्हणजे मुळांचेच बारीक केस, असू शकतात. पाण्याचा फवारा मारला की मूळरोम मुळाला चिकटून दिसेनासे होतात, बुरशीचे जाळे मात्र तसेच राहते व त्याला कुबट वासही येतो. आता फवारा मारून पाहिल्याशिवाय काहीही फेकत नाही.

त्यानंतर खिडकी उघडली, ट्रे कूलरच्या थेट झोतातून हलवून शेजारी छोटा टेबलफॅन लावला, आणि अंकुर वर आल्यावर पाणी वरून शिंपडण्याऐवजी छिद्रांच्या ट्रेखाली ठेवलेल्या दुसऱ्या ट्रेमध्ये ओतू लागलो. 10 बाय 20 इंचांच्या ट्रेमध्ये 40 ग्रॅम बी टाकत होतो, ते 28 ग्रॅमवर आणले. दाट पेरले की जास्त मिळते, हा माझा समज खोटा ठरला. विरळ ट्रेमधून आठव्या दिवशी सुमारे 240 ग्रॅम कापणी होते आणि ट्रे मरत नाही.

सुरुवातीचे तीन दिवस ट्रे झाकून का ठेवायचे, हे आईला नवरात्रातील घटाच्या उदाहरणाने पटकन समजले. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटातील गहू पिवळा आणि उंच वाढतो, तशीच ही रोपे अंधारात उंचावतात, आणि झाकण काढून उजेडात आणल्यावर दिवसभरात हिरवी होतात.

बियाण्याबाबत एक इशारा. एका दुकानातून आणलेले स्वस्त मुळ्याचे बी गुलाबी निघाले. तो रंग म्हणजे बुरशीनाशक चोळल्याची खूण होती. असे बी शेतात पेरण्यासाठी असते, आठवडाभरात खायच्या रोपांसाठी नव्हे. ते मी वापरले नाही.

विक्री जुलैत सुरू केली. पन्नास ग्रॅमची डबी पन्नास रुपयांना, दर रविवारी आठ घरी. शेजारच्या काकूंनी डबी उलटसुलट पाहून विचारले, "एवढ्याशा गवताचे पन्नास रुपये?" त्यांना मी तर्री-पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी मुळ्याची चिमूट घालून दिली, पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून दोन डब्या मागितल्या. मेथीचे उलट झाले : ती पेरायला सर्वांत सोपी, पण मोठी जुडी बाजारात स्वस्त मिळत असताना कडवट इवली मेथी घेणारे फारसे कोणी नाही. मुंबईकरांना वाळूतल्या बारीक मेथीची सवय आहे, आपल्याकडे तशी नाही. काही ग्राहक यात मोठ्या भाजीच्या "चाळीसपट जीवनसत्त्वे" असतात का, असे विचारतात. अमेरिकेत 2012 साली 25 प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रकारागणिक प्रमाण फार वेगवेगळे आढळले; त्यामुळे एकच आकडा सर्व डब्यांवर चिकटवायला मी तयार नाही.

एका ट्रेच्या चार डब्या भरतात, म्हणजे 200 रुपये. बी, कोकोपीट (मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) व डब्या मिळून खर्च सुमारे 55 रुपये. कापणी न धुता, कोरडीच भरतो, त्यामुळे फ्रिजमध्ये पाच दिवस टिकते. सध्या धणे रगडून, दोन फाकी करून पेरले आहेत. आज बारावा दिवस आहे, आणि मुळ्याच्या मानाने ते फारच संथ आहेत.