वसईच्या किल्ल्यात
आज वसईच्या किल्ल्यात, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांवरची झिजलेली पोर्तुगीज अक्षरे न्याहाळत बराच वेळ रेंगाळलो. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला आणि पुढे इथली गावेच्या गावे त्यांच्या सरदारांना खंडाने मिळाली. कसणारी कुळे मात्र तीच राहिली. समुद्रावरचा प्रकार तर त्याहून अजब होता: पिढ्यानपिढ्या याच पाण्यात व्यापार करणाऱ्यांना आता पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे, आणि तो नसेल तर मालासकट गलबत जप्त होई. (समुद्र यांच्या मालकीचा कधी झाला, हे विचारायची सोय नव्हती.) १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो; मधल्या दोनशे वर्षांतल्या त्या कुळांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.