गटिंगच्या टेबलावरून दिसणारं ग्रासकोर्ट

टेनिसपटूचं बरं चाललंय की ओढाताण चाललीय हे कळायला त्याची क्रमवारी बघावी लागत नाही. तो गटिंगला, म्हणजे तारा बदलून घ्यायला, किती रॅकेट टाकतो ते बघितलं की पुरतं. पहिल्या पन्नासातला खेळाडू मॅचच्या आदल्या संध्याकाळी सहा-सात रॅकेट आणून देतो. त्यातल्या तीन-चार बॅगेतून बाहेरही येत नाहीत, तरी पुढच्या मॅचआधी सगळ्यांच्या तारा कापायच्या आणि नव्या घालायच्या. तीनशेच्या पलीकडचा खेळाडू दोन आणतो. तिसरीच्या तारांवर अंगठा दाबत विचारतो, "हिच्यात अजून एक मॅच निघेल ना?"

मी मूळची पुण्याची. बालेवाडीत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या मुख्य जागतिक दौऱ्यातली, स्पर्धा व्हायची तेव्हा गटिंगच्या खोलीत हाताखाली काम करून शिकले. लग्नानंतर इंग्लंडला आले. मिडलँड्समधल्या एका क्लबाच्या दुकानात वर्षभर हेच काम करते, आणि जून उजाडला की ग्रासकोर्टच्या स्पर्धांवर जाते. 2024 मध्ये सर्बिटन, नॉटिंगहॅम, इल्कली असा तो क्रम होता. फ्रेंच ओपन संपण्याच्या सुमारास गवताचा मोसम सुरू होतो आणि विंबल्डन संपता संपता तोही जवळजवळ संपतो. ब्रिटिश खेळाडूंचं वर्ष या थोडक्या आठवड्यांवर कसं टांगलेलं असतं ते आमच्या टेबलावरून फार स्पष्ट दिसतं. त्यातही 16 जून 2024 चा रविवार मला कायम लक्षात राहील.

नॉटिंगहॅमला त्या आठवड्यात दोन स्पर्धा एकत्र होत्या: बायकांच्या मुख्य दौऱ्यातली डब्ल्यूटीए 250 आणि पुरुषांची चॅलेंजर 125, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरची. हे आकडे म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. पावसाने वेळापत्रकाचे तीनतेरा वाजवले होते. शनिवारी केटी बोल्टर आणि एमा रादुकानू या दोघी ब्रिटिश मुलींच्या उपांत्य सामन्याचा पहिला सेट टायब्रेकरपर्यंत गेला, तो टायब्रेकर 15-13 असा रादुकानूने घेतला आणि पुढचा खेळ रविवारवर गेला. म्हणजे जी जिंकेल तिला त्याच दिवशी अंतिम सामनाही खेळायचा.

अशा वेळी आमच्या खोलीत काय होतं ते सांगते. रात्रभर बॅगेत राहिलेल्या रॅकेटचं टेन्शन, म्हणजे तारांचा ताण, उतरतं. पॉलिएस्टरची तार तर मशीनवरून काढल्यापासूनच सैल पडायला लागते. शिवाय हवा गार आणि दमट, चेंडू जड झालेला. त्यामुळे कुणी अर्धा किलो कमी करायला सांगतं, तर कुणी आधीच्या दिवशीचंच हवं म्हणून हटून बसतं. अगदी सकाळी मशीन चालू झाली. एक रॅकेट नीट करायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात: उभ्या तारा ओढायच्या, क्लॅम्प लावायचे, आडव्या तारा एक वर एक खाली अशा विणायच्या, प्रत्येक ओळ बोटांनी सरळ करायची, गाठ मारायची, वर स्टेन्सिलने कंपनीचं चिन्ह रंगवायचं. मॅच चालू असताना कोर्टवरून रॅकेट आली तर हेच काम पंधरा मिनिटांत करावं लागतं. कुणाचं टेन्शन किती, हे खोलीबाहेर काढायचं नाही हा आमचा धर्म आहे, म्हणून त्या दोघींच्या रॅकेटांबद्दल मी काही लिहिणार नाही.

त्या धांदलीत तो मुलगा आला. नाव नको. क्रमवारीत तीनशेच्या बराच बाहेर, वय तेवीस-चोवीस. चॅलेंजरमध्ये मंगळवारीच हरला होता, पण सरावाला जोडीदार मिळतो म्हणून थांबला होता. दुसऱ्या दिवशी इल्कलीला निघायचं होतं. त्याने दोन रॅकेट टेबलावर ठेवल्या आणि तारांचं स्वतःचं रीळ काढून दिलं. रीळ आपलं असलं की फक्त मजुरी द्यावी लागते. एका रॅकेटच्या ग्रोमेटला, म्हणजे तार जिथून ओवतात त्या प्लॅस्टिकच्या पट्टीला, चीर गेली होती, तिथे नवी तार घासून तुटली असती. मी ती दाखवली तर म्हणाला, "माहितीय. तिथे नळीचा तुकडा घाल. विंबल्डनपर्यंत टिकली की झालं."

त्याला विंबल्डनच्या पात्रता फेरीची वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेला प्रवेश, मिळण्याची आशा होती. त्या वर्षी पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही 15,000 पौंड होते. मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं तर 60,000. 2011 साली याच हरण्याचे 11,500 मिळायचे, म्हणजे तेरा वर्षांत पाचपटीहून जास्त. मी काम करत होते आणि तो मशीनच्या बाजूला उभा राहून बोटांवर हिशेब करत होता: पंधरा हजारांत कोचचे किती आठवडे, शरद ऋतूत चॅलेंजर खेळायला परदेशी जायची किती तिकिटं. चॅलेंजरमध्ये पहिल्या फेरीत हरलं तर कोचचा आठवड्याचा पगारही निघत नाही, हे तोच म्हणाला.

"म्हणजे पैसे वाढले ते चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"चांगलंच झालं," तो म्हणाला. "पण ते मला वर्षातून एकदा मिळतात, आणि तेही मी इथला आहे म्हणून. माझ्या खेळामुळे मिळाले असं मला वाटतच नाही."

तोवर बोल्टरची मॅच पुन्हा सुरू झाली होती. आमच्या खोलीत छोटा टीव्ही आहे, शिवाय कोर्टवरचा आवाज थेट आत येतो. बोल्टरने पुढचे दोन्ही सेट 6-3, 6-4 घेतले. मग कॅरोलिना प्लिस्कोव्हाविरुद्धही पहिला सेट गमावून अंतिम सामना जिंकला आणि आदल्या वर्षीचं विजेतेपद राखलं. पुरुषांच्या चॅलेंजरचा अंतिम सामना तर दोन ब्रिटिश मुलांतच होता. जेकब फर्नलीने चार्ल्स ब्रूमला हरवलं. फर्नली अमेरिकेत टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातून खेळून नुकता बाहेर पडलेला, क्रमवारीत पाचशेच्याही पलीकडे. त्याला आमच्यापैकी फारसं कुणी ओळखतही नव्हतं.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालू होता आणि हा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "यात पैसे फार नाहीत. पण त्याला 125 गुण मिळाले."

टेनिसमध्ये पैसा घर चालवतो, पण दार उघडतात गुण. गुणांवर क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर ठरतं की पुढच्या आठवड्यात कुठे थेट प्रवेश आहे, कुठे पात्रता फेरी आहे, आणि कुठे कुणाच्या मेहेरबानीची वाट बघायची आहे. लंडनच्या क्वीन्स क्लबसारख्या एटीपी 500 स्पर्धेत वाइल्ड कार्डवर उतरून पहिल्या फेरीत हरलेल्या मुलाच्या हातात बऱ्यापैकी रक्कम पडते, पण गुण शून्य. 2022 मध्ये तर हे उघड्यावरच आलं. रशिया-बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातल्यामुळे विंबल्डनचे गुणच काढून घेतले होते. कॅमेरॉन नॉरी त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला, 5,35,000 पौंड कमावले, आणि क्रमवारीच्या खात्यात एक गुणही जमा झाला नाही.

आता क्वीन्सचंच बघा. 2015 पासून ती 250 ची 500 झाली, बक्षिसं वाढली, आणि साहजिकच जगातले तगडे खेळाडू यायला लागले. बढतीनंतरच्या पहिल्या दोन वर्षी अँडी मरे जिंकला, पण तो 2009, 2011 आणि 2013 मध्येही तिथेच जिंकला होता. स्पर्धा छोटी असो की मोठी, मरे जिंकणारच होता. 2016 नंतर 2025 पर्यंत तिथे एकेरीत एकही ब्रिटिश विजेता झाला नाही. लोपेझ, चिलिच, बेरेत्तिनी, अल्काराझ, टॉमी पॉल अशी ती यादी आहे. प्रेक्षकांची चैन झाली, याबद्दल दुमत नाही. पण पैसा वाढला म्हणून घरची पोरं पुढे गेली असं त्या यादीवरून म्हणता येत नाही.

त्याच काळात नॉटिंगहॅमच्या पुरुषांच्या स्पर्धेचं उलटं झालं. 2015 आणि 2016 मध्ये ती एटीपी 250 होती, मग तो दर्जा ईस्टबोर्नला गेला आणि नॉटिंगहॅमला चॅलेंजर उरली. शहरात तेव्हा नाराजी होती. पण नंतर चॅलेंजर कुणी जिंकली ते बघा: 2019 मध्ये डॅन एव्हान्स, 2023 मध्ये दुखापतींतून परत वर चढू बघणारा मरे, 2024 मध्ये फर्नली. पायरी खाली आली, आणि घरच्या मुलांचे पाय तिथपर्यंत पोचले.

बायकांच्या बाजूलाही मला हेच दिसतं. 2023 च्या नॉटिंगहॅमला उपांत्य फेरीतल्या चौघींपैकी तिघी ब्रिटिश होत्या. बोल्टर आणि जोडी बरेज यांचा अंतिम सामना हा डब्ल्यूटीएवरचा 1977 नंतरचा पहिला पूर्ण ब्रिटिश अंतिम सामना ठरला. बोल्टर तेव्हा शंभराच्या बाहेर होती, त्या आठवड्याने आत आली. ती स्पर्धा 250 ची होती, 500 ची नाही. पहिल्या दहातल्या बहुतेक जणी पॅरिसहून थेट अशा स्पर्धेला येत नाहीत, म्हणून वाट मोकळी राहते.

याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे, आणि आमच्या खोलीतला मुख्य स्ट्रिंगर ती रोज माझ्या तोंडावर मारतो. तीसेक वर्षं याच कामात असलेला माणूस आहे, मी त्याचं ऐकते. त्याचं म्हणणं, मोठा मंच मिळाल्याशिवाय पोरांना आपली उंची कळत नाही. जॅक ड्रेपर एकोणीस वर्षांचा होता, क्रमवारीत तीनशेच्या बाहेर. 2021 मध्ये क्वीन्सने त्याला वाइल्ड कार्ड दिली आणि त्याने पहिल्याच फेरीत सिनरला हरवलं, मग बुब्लिकलाही. रादुकानूने त्याच वर्षी विंबल्डनला वाइल्ड कार्डवर चौथी फेरी गाठली आणि दोन-अडीच महिन्यांत अमेरिकन ओपन जिंकली. हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण ही दोघं कुठूनही वर आलीच असती अशा ताकदीची आहेत. मला काळजी आहे ती चिरलेल्या ग्रोमेटवाल्याची, जो दोनशे ते चारशेच्या मधे अडकलाय आणि ज्याला दर आठवड्याला जिंकण्यासारखी मॅच हवी आहे.

फर्नलीचं पुढे काय झालं हे टेनिस बघणाऱ्यांना माहीत आहे. विंबल्डनची वाइल्ड कार्ड मिळाली, पहिली फेरी जिंकला, दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर जोकोविचकडून एक सेट काढला. पण तो पहिल्या शंभरात पोचला तो त्यानंतर लिंकन, रेन आणि ऑर्लियाँच्या चॅलेंजर जिंकून. त्या सगळ्या हार्डकोर्टवर, घरापासून लांब. विंबल्डनच्या पैशांनी तो प्रवास सोपा केला असणार. पण वर नेलं ते चॅलेंजरच्या विजयांनी.

पुण्यातही मी हेच बघितलं आहे. बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेत आपल्या मुलांना एकेरीत बहुतेक वाइल्ड कार्डवरच उतरता यायचं. 2022 मध्ये रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन दुहेरी जिंकले तेव्हा स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. 2023 नंतर ती स्पर्धा हाँगकाँगला गेली आणि त्या वाइल्ड कार्डही तिच्याबरोबर गेल्या. पुण्यात चॅलेंजर राहिली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आज तितकं वाटत नाही.

2025 मध्ये बायकांचं टेनिस बावन्न वर्षांनी क्वीन्सवर परतलं, तेही 500 च्या दर्जाने. लंडनच्या मुलींनी ते बघायलाच हवं होतं, मला मनापासून आनंद झाला. पण त्याच फेरबदलात 1982 पासून चालत आलेली बर्मिंगहॅमची स्पर्धा मुख्य डब्ल्यूटीए दौऱ्यातून उतरून 125 वर आली. बर्मिंगहॅमवाले हळहळले. मला विचाराल तर ब्रिटिश मुलींना क्वीन्सइतकीच या 125 ची गरज आहे. म्हणून वाढीव पैसा आला तर तो आधी तिथे जावा, इल्कलीला जावा, आणि गवत झाकून ठेवल्यानंतरच्या हिवाळ्यातल्या इनडोअर स्पर्धांना जावा. विंबल्डनच्या नफ्याचा नव्वद टक्के वाटा ब्रिटिश टेनिस संघटनेकडे येतो, तेव्हा पैसे नाहीत अशी सबब या देशात चालण्यासारखी नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मुलगा रॅकेट न्यायला आला. नळीचा तुकडा बसवला होता, पण मी त्याला स्पष्ट सांगितलं की ही रॅकेट सरावालाच वापर, मॅचला नको. मुख्य स्ट्रिंगरने न विचारता खोक्यातून त्याच मॉडेलची जुनी ग्रोमेटची पट्टी शोधून काढली आणि पैसे घेतले नाहीत. इल्कलीला तो दोन मॅच जिंकला. विंबल्डनच्या पात्रता फेरीची वाइल्ड कार्डही त्याला मिळाली, तिथे पहिल्या फेरीत हरला. त्या पैशांत त्याने कोचला डिसेंबरपर्यंत ठेवलं आणि ऑक्टोबरपासून युरोपात इनडोअर चॅलेंजरच्या पात्रता फेऱ्या खेळायला लागला.